धडधड ही धंद्याचीच काळजी असते काय?

व्यापारी मनुष्याचे काळीज धडधडू लागले म्हणजे कारण शोधण्यास त्यास दूर जावे लागत नाही. उधारी थकलेली असते, माल वाटेत अडकलेला असतो, कराची तारीख जवळ आलेली असते. वाळपईच्या बाजारपेठेत उभी हयात घालविलेल्या आमच्या थोरल्या बंधूंनी असेच केले. नाडी जलद, हातास कंप, जेवण पूर्वीपेक्षा अधिक आणि तरीही सदरा सैल. पर्युषणातील उपवासांनी वजन उतरले असे समजून आम्हीही त्यांच्या तपाचे कौतुकच केले. रक्त तपासले तेव्हा दोष गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा निघाला. तोवर नाडीचा ताल बिघडला होता.

डब्लिनचे डॉ. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली गलग्रंथी वाढलेल्या स्त्रियांची जी हकीकत प्रसिद्ध केली, तीतही प्रमुख तक्रार धडधडीचीच होती. ग्रंथीचा रस प्रमाणाबाहेर रक्तात उतरला की हृदयास विश्रांती उरत नाही. शंभरांतील दहा-पंधरा रोग्यांत हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरू लागतात, रक्त तेथे साकळते, आणि त्याची गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. साठी उलटलेल्यांत तर हातास कंपही नसतो. केवळ थकवा, उतरते वजन आणि अनियमित नाडी. वयाच्या नावावर हे सर्व खपून जाते, हे आम्हांस अधिक भयंकर वाटते.

उपाय आहेत. कार्बिमॅझोलच्या गोळ्या काही आठवड्यांत रस आटोक्यात आणतात. तोवर प्रोप्रनोलॉलसारखे औषध हृदयाचा वेग आवरते (दमेकऱ्यांनी आपला दमा डॉक्टरांस आधी सांगावा). कार्बिमॅझोल चालू असता ताप येऊन घसा दुखल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे. किरणोत्सारी आयोडीनचा उपचारही आहे. मुंबईस परळ येथे त्या विद्येचे केंद्र १९६३ पासून आहे. रस पूर्ववत झाल्यावर पुष्कळांच्या नाडीचा ताल आपोआप सुधारतो, मात्र विलंब जितका अधिक तितकी ही आशा कमी. उलट, ग्रंथी मंद म्हणून गोळी घेणाऱ्यांनी ती मनाने वाढविली तर हृदयाची हीच हानी होते.

आमचा खरा आक्षेप आपल्याच घरांतील मौनावर आहे. चौविहार पाळणारी आई रात्रीची गोळी घेत नाही आणि डॉक्टरांसही ते सांगत नाही. अठ्ठाईत गोळ्या आठ दिवस बंद राहतात. ही औषधे एकाएकी सोडल्यास रोग उसळून जिवावर बेतू शकते. सूर्यास्ताची अडचण उघड सांगितली तर कार्बिमॅझोल बहुधा दिवसातून एकदाच देता येते, आणि हृदयाचे औषधही दीर्घकाळ टिकणारे मिळते. मोठ्या तपाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी हा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवावा, आणि त्यांनी नको म्हटल्यास ते तप त्या वर्षी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संघाच्या पुढील वार्षिक मेळाव्यात भोजनापूर्वी पन्नाशीपुढील प्रत्येक सभासदाची व त्याच्या पत्नीची नाडी मोजून घ्यावी. विश्रांतीतही ती मिनिटास शंभरावर असेल अथवा ताल चुकत असेल, त्यांस वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात व गरज पडल्यास बांबोळीस पाठवावे. थायरॉइडच्या रक्त-तपासणीचा खर्च संघाने सोसावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे लेखी देत आहोत.