श्वासाचे औषध शिकवणे हाही उपचारच



थंडी पडू लागली की दमा आणि सीओपीडीच्या रुग्णांची रुग्णालयांत रीघ लागते, आणि दरवर्षी चर्चा होते ती औषधांच्या साठ्याची, खाटांची आणि यंत्रांची. या विकारांचा उपचार ज्या कौशल्यावाचून अपुरा राहतो त्या परिचारिकेच्या कौशल्याचा विषय त्या चर्चेत क्वचितच निघतो. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्यामुळे आणि वायुकोशांच्या भिंती झिजल्यामुळे फुप्फुसांतील हवा पुरती बाहेर न पडण्याचा विकार. दम्यात हा अडथळा येतो आणि ओसरतो, सीओपीडीत तो ठाण मांडून बसतो आणि वाढत जातो. 2016 साली भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज रोगभाराच्या राष्ट्रीय अभ्यासात मांडला गेला, आणि जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा 18 टक्के असताना दीर्घकालीन श्वसनविकारांच्या जागतिक भारापैकी 32 टक्के भार या देशावर असल्याचे त्यातून दिसले. हे सगळे विडी-सिगारेट ओढणारे नव्हेत. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मधील लेखातून कधीही धूम्रपान न केलेल्यांच्या सीओपीडीकडे लक्ष वेधले होते, ग्रामीण महाराष्ट्रात गॅसची शेगडी आल्यावरही आंघोळीचे पाणी अनेक घरांत लाकडांवर नि गोवऱ्यांवरच तापते, आणि तो धूर बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतो.

या विकारांवरचे मुख्य औषध श्वासावाटे घ्यायचे असते आणि त्याच्या साधनाला लोक ‘पंप’ म्हणतात. ‘पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय’ हा समज इतका रुजला आहे की अनेक रुग्ण वर्षानुवर्षे गोळ्यांवर काढतात. वास्तविक श्वासनलिका सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉलची नेहमीची गोळी 4 मिलिग्रॅमची असते, तर पंपाच्या एका दाबातून 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या गोळीच्या चाळिसाव्या हिश्शाइतकेच औषध बाहेर पडते, आणि ते थेट श्वासनलिकेत उतरत असल्यामुळे छातीत धडधड होणे, हात कापणे हे त्रासही कमी होतात. मात्र हा लाभ औषध श्वासनलिकेत उतरले तरच मिळतो. दाबाच्या पंपात औषध सुटत असतानाच श्वास सावकाश आत ओढून सुमारे दहा सेकंद रोखावा लागतो. कॅप्सूल घालून वापरायच्या कोरड्या भुकटीच्या साधनात याच्या उलट, श्वास जोराने आणि खोल ओढावा लागतो. ज्याला दोन्ही साधने दिली जातात त्याला हा फरक कोणी करून दाखवला नाही, तर दोन्ही औषधे जिभेवर आणि घशातच राहतात. कित्येक जण तर ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळतात. तत्काळ आराम देणारा पंप आणि सूज कमी करण्यासाठी रोज घ्यायचा पंप यांतला भेद न कळल्याने रुग्ण पहिलाच वापरत राहतात आणि दुसरा बाजूला पडतो. दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी तर 2019 पासून निव्वळ तत्काळ आरामाच्या पंपावर रुग्णाला ठेवूच नये असे सांगितले आहे. हे सारे चिठ्ठीवर लिहून साधत नाही. रुग्णाच्या हातात साधन देऊन, त्याच्याकडून करवून घेऊन, चुकले तिथे थांबवून पुन्हा करवावे लागते, आणि पुढच्या भेटीत नव्याने तपासावे लागते, कारण शिकलेली रीत महिन्या-दोन महिन्यांत बिघडते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरला यासाठी वेळ नसतो. हे काम परिचारिकेचे आहे आणि ते उपचाराचाच भाग आहे.

प्राणवायूच्या बाबतीत तर हे अधिकच गंभीर ठरते. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर जिल्हा रुग्णालयांत प्राणवायू निर्मितीचे प्रकल्प उभे राहिले, हे चांगलेच झाले; परंतु प्राणवायू हेही औषध असून त्यालाही मात्रा असते. गंभीर सीओपीडीच्या अनेक रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड आधीच साठलेला असतो आणि त्यांना गरजेपेक्षा जास्त प्राणवायू दिल्यास तो आणखी वाढून रुग्ण गुंगीत जातो, म्हणून त्यांच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण 88 ते 92 टक्क्यांच्या दरम्यान राखावे लागते. टास्मानियात रुग्णवाहिकेतील रुग्णांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मोजूनमापून दिलेल्या प्राणवायूने मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. वॉर्डात रात्री धाप पाहून घाबरलेले नातेवाईक प्रवाहाची चकती वाढवून ठेवतात, तेव्हा ती पुन्हा जागेवर आणणारी, त्यांना कारण समजावणारी आणि रुग्ण झोपला आहे की गुंगीत गेला आहे हे ओळखणारी व्यक्ती परिचारिकाच असते. श्वासांची गती पूर्ण मिनिटभर मोजणे हे प्रकृती ढासळत असल्याचे फार लवकर सांगणारे निरीक्षण, पण एका परिचारिकेकडे साऱ्या वॉर्डाचा भार असला की तक्त्यावर तो आकडा अंदाजाने लिहिला जातो. अतिदक्षता विभागातही हेच दिसते: फुप्फुसे निकामी होऊ लागलेल्या रुग्णांना दिवसातले बरेच तास पालथे ठेवल्याने 28 दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे 33 वरून 16 टक्क्यांवर आल्याचे 2013 मधील फ्रेंच चाचणीने दाखवले, आणि नळ्या न निसटू देता रुग्णाला उलटवायला चार-पाच प्रशिक्षित माणसे लागतात.

रिक्त पदे भरण्याचीच वानवा असताना नवी कामे कशी द्यायची, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही, परंतु अर्धवट आहे, कारण पंप चुकीचा वापरणारा रुग्ण पुन्हा पुन्हा धाप लागून दाखल होतो आणि त्याच अपुऱ्या मनुष्यबळावर अधिक भार टाकतो. शिवाय यातले पुष्कळसे स्वस्तात होण्याजोगे आहे. पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायचा पोकळ डबा, म्हणजे स्पेसर, वापरला की दाब आणि श्वास यांची वेळ जुळवण्याची अडचण बरीच दूर होते. दक्षिण आफ्रिकेत 1999 मध्ये तर अर्धा लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीपासून केलेला स्पेसर मुलांच्या दम्यात विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला.

सार्वजनिक आरोग्य विभागाने प्रत्येक जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात श्वसनविकारांच्या परिचर्येचे प्रशिक्षण घेतलेली एक तरी परिचारिका छातीच्या बाह्यरुग्ण विभागासाठी नेमावी, दर दोन महिन्यांनी तिची बदली दुसऱ्या वॉर्डात करू नये, पंपाबरोबर स्पेसरही मोफत द्यावा आणि रुग्णाने पंप बरोबर वापरून दाखवला की नाही याची नोंद रक्तदाबाप्रमाणेच प्रत्येक भेटीत केसपेपरवर व्हावी. येत्या थंडीपूर्वी निदान या नोंदीचा आदेश तरी निघावा, ही विनंती.