मुलींच्या हृदयाला मुलांची पट्टी लावू नका

थोडं लांबलंय, पण घरात पळणारी पोरगी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. बातमीसाठी गेलो होतो. तीन हजार मीटरला नववीतली एक मुलगी शेवटच्या फेरीत खालीच बसली. धाप लागलेली, ओठ पांढरे पडलेले. सर म्हणाले, "स्टॅमिनाच नाही हो. मुलांइतकंच पळवतो, तरी मागे पडते." मी विचारलं, रक्त तपासलंय का? "त्याचा काय संबंध?"

संबंध आहे. म्हणून हे लिहितोय.

लांब पल्ल्याच्या सरावाने हृदय बदलतं, मुलाचंही आणि मुलीचंही. डावा कप्पा मोठा होतो, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतो, त्यामुळे बसल्या जागी नाडी संथ होते. खेळाडूचं हृदय मोठं असतं हे स्वीडनच्या हेन्शेन या डॉक्टरांनी १८९९ मध्येच नोंदवलं होतं, तेही बोटांनी छाती ठोकून.

वयात येताना मात्र वाटा वेगळ्या होतात. मुलांचं अंग भरतं, स्नायू वाढतात, हिमोग्लोबिन चढतं. हृदयही त्या मापाने वाढतं. मुलींचं तुलनेने लहान राहतं, भिंती पातळ राहतात. ब्रिटनमध्ये ७२० किशोरवयीन खेळाडूंची टू-डी इको तपासणी झाली होती, २००२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. हृदयाची भिंत १२ मिलिमीटरच्या वर फक्त तिघांची गेली, तिघेही मुलगे. एकाही मुलीची ११ च्या वर नव्हती.

लहान म्हणजे कमजोर, असा अर्थ काढू नका. चरबी सोडून उरलेल्या वजनाशी तुलना केली की हा फरक बराच कमी होतो. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. कमजोर हृदयाने हे होत नाही.

मग अडचण कुठे आहे? पट्टीत. मुलाच्या रिपोर्टमध्ये १२ मिलिमीटर दिसलं तर "सरावामुळे असेल" म्हणता येईल. तोच आकडा मुलीचा असेल तर नीट तपासायलाच हवं, कारण तो आजारही असू शकतो.

नाडीचंही तसंच. संथ नाडी म्हणजे तयारी चांगली, असं आपण धरून चालतो. पण पोटाला पुरेसं न खाता पळणाऱ्या मुलीची नाडीसुद्धा संथ होते. शरीर काटकसर करतं, पाळी चुकते, हाडं ठिसूळ होतात. पाळी बंद झाली की काही जण "बरंच झालं, सरावात खंड नाही" म्हणतात. अहो, ती धोक्याची घंटा आहे!

आणि रक्त कमी असेल तर उलटं. प्रत्येक ठोक्यात प्राणवायू कमी जातो, म्हणून हृदयाला जास्त धडधडावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० पैकी ५९ मुलींना रक्तक्षय आढळला, मुलांमध्ये हेच प्रमाण ३१ होतं. म्हणजे स्टार्ट लाइनवरच अर्ध्याहून जास्त पोरी मागे उभ्या असतात, आणि आपण म्हणतो स्टॅमिना नाही.

याला मोठा खर्च लागत नाही. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजून वहीत लिहायची. ग्रामीण रुग्णालयात वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासायचं. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी खिशात नाही, पोटात गेली का ते बघायचं. पाळी नियमित आहे का, हे बाईंनी किंवा आईने विचारायचं. पळताना चक्कर आली, छातीत दुखलं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर ईसीजी आणि इको केल्याशिवाय मैदानात उतरवायचं नाही. मग ती मुलगी असो की मुलगा.

शाळांची तपासणी करायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं येतातच. स्पर्धेआधी खेळाडूंची यादी त्यांच्या हातात द्यायला मुख्याध्यापकांना कोण अडवतंय?

ढाल देताना फोटोला सगळे येतात. पोरगी खाली बसते तेव्हा पाण्याची बाटली घेऊन तिची मैत्रीणच धावते. परवाही तीच धावली.

पटलं तर तुमच्या गावच्या पीटी सरांना पाठवा.