चेसीचे काम किलोवर घेऊ नका

वेल्डिंग आणि गॅरेजच्या धंद्यात आपल्या समाजाचे कारागीर किती आहेत, हे मराठवाड्यातील वाचकांना सांगायला नको. भोकरदनपासून जालन्यापर्यंत रस्त्याने जाताना ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट आणि पत्र्याचे शेड बनवणारी दुकाने दिसतात. आता या दुकानांकडे एक नवे काम येऊ लागले आहे. कोणी हौशी माणूस जुने इंजिन घेऊन येतो आणि घरची गाडी बनवून मागतो. कधी इंजिनिअरिंग कॉलेजची मुले स्पर्धेच्या गाडीचा सांगाडा जोडून मागतात. माझा धंदा कापडाचा. तरीही या कामाच्या हिशेबाविषयी चार शब्द लिहिणे मला जरुरीचे वाटते.

महाराष्ट्रात हे वेड नवे नाही. इचलकरंजी आम्हा कापडवाल्यांना मागांसाठी माहीत, पण त्याच गावच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 1949 साली 'मीरा' नावाची छोटी गाडी स्वतः बनवली होती. पुढे तिच्या सुधारलेल्या आवृत्त्याही निघाल्या, मात्र कारखान्यातून उत्पादन कधी झाले नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे (यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव) येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून सुमारे 60 हजार रुपयांत किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिची तारीफ केली, पण ही गाडी नियमांत बसत नाही हेही त्याच वेळी स्पष्ट सांगितले, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये ती लोहार यांच्या दारात आली. तारीफ सर्वांनी वाचली, नियमांचे वाक्य मात्र बहुतेकांनी सोडून दिले.

घरच्या गाडीत सर्वांत नाजूक जागा म्हणजे इंजिन बसते तो चौक. प्रवाशांच्या खाली तळाचा पत्रा असतो, मागे पाठीची भिंत असते. ती चेसीला धरून ठेवतात. इंजिनच्या चौकाला वरून झाकण घालता येत नाही, कारण इंजिन वर उचलून काढावे लागते. आणि सगळा भार तर तिथेच. इंजिनचे वजन, त्याचा पीळ, पुढच्या चाकांचे दणके, स्टिअरिंगची ओढ. एक चाक खड्ड्यात गेले की चौक पिळतो आणि काही महिन्यांत कोपऱ्याच्या जोडाला केसाएवढी चीर पडते.

दर्जी मंडळींना हे एका वाक्यात समजेल. कापड ताण्यावर ओढा, ताणत नाही. बाण्यावर ओढा, ताणत नाही. उरेब ओढले की लगेच ताणते. त्या दिशेला धागाच नसतो. चार नळ्यांच्या चौकाचे अगदी तसेच आहे. चारही बाजू कितीही जाड घ्या, कोपऱ्यातून कोपऱ्याकडे जाणारा धागा नसेल तर चौकट तिरकी होणारच. जुन्या फळ्यांच्या दारामागे सुतार तिरपी पट्टी ठोकत असे, ती याचसाठी.

मग आमचे कारागीर तिरपी नळी का टाकत नाहीत? माझ्या मते दोष हुनराचा नाही, मजुरीच्या पद्धतीचा आहे. फॅब्रिकेशनचा दर किलोवर ठरतो. गेट आणि शेडला ते ठीक असेल. चेसीत मात्र जो जास्त लोखंड घालेल त्याला जास्त पैसे, आणि जो डोके चालवून कमी लोखंडात मजबुती आणेल त्याचे नुकसान! आमच्या बाजारात कापड मीटरवर विकतात, किलोवर विकतात त्या चिंध्या.

याच हिशेबातून जाड अँगल आणि इमारतीची सळई चेसीला लागते. जालन्यात सळईचे कारखाने आहेत, तुकडे सहज मिळतात. पण 12 मिमीची सळई आणि 25 मिमी व्यासाची, दीड मिमी जाडीची नळी यांचे मीटरमागे वजन जवळजवळ सारखेच, पाऊण किलोहून थोडे जास्त. वाकण्याला मात्र ती नळी सळईच्या सातपट कडक! शिवाय टीएमटी सळईची बरीचशी ताकद पाणी मारून कडक केलेल्या बाहेरच्या थरात असते आणि वेल्डिंगची आच नेमकी तीच उतरवते. सळई स्लॅबसाठी आहे, तिथेच राहू द्यावी.

इंजिनच्या वरच्या बाजूची तिरपी नळी बोल्टने काढता-घालता येईल अशी ठेवावी. बोल्ट 8.8 आकड्याचा घ्यावा, आकडा डोक्यावरच उमटवलेला असतो. चौकोनी नळीतून बोल्ट न्यायचा असेल तर आत बुश घालून वेल्ड करावा, नाहीतर आवळताना नळी चेपते आणि बोल्ट ढिला पडतो. जोडपट्टी लावली तर तिचे टोक एकदम सरळ कापू नये, निमुळते करावे. चीर सुरू होते ती त्या टोकापाशी. आणि सगळा पुढचा भाग ऐरणीसारखा कठीण करण्याचा मोह नको. अगदी पुढचे टोक धडकेत चेपले पाहिजे, मजबुती बसणाऱ्याच्या पायांजवळ हवी.

कॉलेजच्या मुलांच्या 'बाहा' स्पर्धेत (भारतात ती 2007 पासून होते) पिंजऱ्याच्या मुख्य नळीसाठी 25 मिमी व्यास, 3 मिमी जाडी आणि 0.18 टक्के कार्बन, किंवा त्याच्या तोडीचा माल, असा नियम राहिला आहे. वेल्डरच्या हातचा नमुना जोड तोडून तपासला जातो. ही पद्धत आपल्या दुकानात आणायला खर्च काहीच नाही. त्याच नळीचे दोन तुकडे, तोच रॉड, तोच हात. जोड शिकंजात धरून घणाने वाकवावा. नळी वाकली आणि जोड राहिला तर काम हाती घ्यावे.

रंग मारल्यावर कच्चा जोड आणि पक्का जोड सारखेच दिसतात. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मदिनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आतून ओल लागली, तो प्रसंग आपण सर्वांनी मशिदीत ऐकला आहे. रंगवलेली चेसीही तशीच रास आहे. फरक इतकाच की ओले धान्य परत करता येते.

कायद्याची बाजूही कारागिराने ओळखून असावी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठणकावून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. संपूर्ण नव्या गाडीला तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मंजुरी लागते. म्हणून शेतातली, स्पर्धेची किंवा प्रदर्शनाची गाडी असेल तर काम घ्यावे. रस्त्यावर पळवायची असेल तर ग्राहकाला तोंडावर नाही म्हणावे, तो शेजारच्या दुकानात गेला तरी चालेल.

दर जोडावर किंवा संपूर्ण कामावर ठरवावा, आणि आखणीचा मोबदला वेगळा मागावा. बिलावर नळीचे माप, जाडी आणि रॉडचा नंबर लिहावा, 'सार्वजनिक रस्त्यासाठी नाही' असे शब्द घालावेत, खाली ग्राहकाची सही घ्यावी आणि एक प्रत दुकानात ठेवावी.