परवाना रिव्हॉल्व्हरला, संशय रायफलीवर

मुंबईच्या उपनगरांत परवान्याच्या शस्त्राची चर्चा होते ती बहुधा काही विपरीत घडल्यावरच. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी बोरिवलीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली, तेव्हा वापरलेल्या पिस्तुलाचा परवाना मारेकऱ्याच्या नव्हे, तर त्याच्या अंगरक्षकाच्या नावे असल्याचे तपासात पुढे आले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहू येथील घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या पायात घुसली. दोन्ही घटनांनंतर परवाने कोणाला आणि कशासाठी दिले जातात, यावर काही दिवस बोलले गेले आणि विषय मागे पडला. ही दोन्ही शस्त्रे कमरेला लपवून नेता येतील अशी, एका हाताने चालवायची होती, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

भारतीय शस्त्रकायदा व्यवहारात कोणत्या शस्त्राला अनुकूल ठरतो, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अगदी वेगळ्या जातीचे, जवळपास कालबाह्य म्हणावे असे एक शस्त्र घेऊन पाहणे उपयोगाचे आहे. ते म्हणजे पिस्तुलाचे काडतूस वापरणारी लिव्हर-ॲक्शन रायफल. जुन्या अमेरिकी ‘वेस्टर्न’ चित्रपटांच्या प्रेक्षकांना ती नावाने नसली तरी रूपाने ठाऊक असते. चापाभोवती लोखंडी कडे असलेली तरफ खाली ढकलायची, की रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. तरफ वर ओढून घेतली, की नळीखालच्या लांबट कप्प्यातले पुढचे काडतूस जागेवर बसते. प्रत्येक गोळीसाठी ही कृती हाताने करावी लागते. विंचेस्टर कंपनीच्या १८७३ च्या रायफलीने हा प्रकार लोकप्रिय केला. तिचे पॉइंट ४४-४० हे काडतूस काही वर्षांतच कोल्ट कंपनीच्या रिव्हॉल्व्हरलाही चालू लागले आणि कमरेच्या व खांद्यावरच्या अशा दोन्ही शस्त्रांना एकाच पट्ट्यातली काडतुसे पुरू लागली. पुढे जॉन ब्राउनिंग यांनी रचना केलेले १८९२ चे सुटसुटीत मॉडेल आले. अमेरिकेत आजही या रायफलींचे नवे उत्पादन होते आणि जुन्या काळचे पोशाख घालून त्यांच्या स्पर्धा भरवल्या जातात. धक्का सौम्य आणि शंभर मीटरच्या आत पुरेशी अचूक, अशी तिची ख्याती आहे.

भारतात ती बाळगण्यास कायद्याने बंदी आहे काय? आश्चर्य वाटेल, पण सरसकट बंदी नाही. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालील नियम शस्त्राच्या यंत्रणेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या काडतुसाकडे पाहतात. लष्कर व पोलीस जी काडतुसे वापरतात ती नागरिकाच्या शस्त्रात बसता कामा नयेत, हे त्यामागचे सूत्र आहे. म्हणून पॉइंट ३०३ च्या रायफली निषिद्ध, आणि लष्करी ९ मिलिमीटर काडतूस डागू शकणारी पिस्तुले, रिव्हॉल्व्हर व कार्बाइनही निषिद्ध. ईशापूरच्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी पॉइंट ३१५ ची रायफल आणि कानपूरच्या कारखान्याने पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर बनवले, ते याच चौकटीत. पॉइंट ४४-४० सारखे जुने नागरी काडतूस या यादीबाहेर राहते. म्हणजे कागदावर दार उघडे आहे. दारापर्यंत जाणारे रस्ते मात्र एकेक करून बंद झाले आहेत.

पहिला रस्ता आयातीचा. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आणण्यास जवळपास मज्जाव झाला. नामवंत नेमबाजांना सवलत राहिली. परदेशातील वास्तव्य संपवून कायमचे परतणाऱ्यांना स्वतःच्या वापरातले एक अनुज्ञेय शस्त्र आणण्याची वाट सीमाशुल्क विभागाने ठेवली, पण ते हयातभर विकता येणार नाही, अशी अट घातली. त्यामुळे देशात अशा जुन्या रायफली ज्या काही आहेत, त्या बहुतांशी शिकारीच्या जमान्यात आलेल्या. काडतुसांचीही तीच गत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याने देशी शस्त्रांच्या काडतुसांची गरज भागवली. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी रायफलीची सोय पाहणे त्याच्याकडून अपेक्षितही नव्हते.

दुसरा रस्ता कारणाचा, आणि खरी मेख इथेच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अर्जदाराने आपली निकड दाखवावी लागते. व्यवसायामुळे वा अन्य कारणाने जिवाला किंवा मालमत्तेला धोका असणे, सशस्त्र दलांत सेवा केलेली असणे, किंवा गेली दोन वर्षे एखाद्या नेमबाजी क्लबचा सक्रिय सदस्य म्हणून सराव करीत असणे, अशी ती कारणे आहेत. धोक्याचे कारण पुढे करणारा माणूस मागतो रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. अंधेरीतला बांधकाम व्यावसायिक किंवा घाटकोपरचा सराफ रायफल खांद्याला लावून दुकान उघडणार नाही. म्हणजे निकडीच्या कसोटीतून जे शस्त्र सहज पार पडते ते लपवता येणारे असते, आणि बोरिवली व जुहू येथील दोन्ही घटनांत तेच होते. निव्वळ जुन्या यंत्राची आवड असलेल्या, तिजोरीत ठेवून महिन्यातून एकदा मैदानावर चालवू पाहणाऱ्या माणसासाठी अर्जात सोयीचा रकानाच नाही.

मग क्रीडेचा मार्ग? नेमबाजीत महाराष्ट्राचा दबदबा मोठा आहे. अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांनी वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या मैदानावर घाम गाळला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे विश्वविजेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. परंतु या साऱ्यांचे शस्त्र दहा मीटरवरची एअर रायफल किंवा पन्नास मीटरवरची पॉइंट २२ रायफल. लिव्हर-ॲक्शनची स्पर्धा ना ऑलिंपिकमध्ये आहे, ना कोणत्या राष्ट्रीय पदकाच्या यादीत. क्लबात दोन वर्षे घालवूनही ‘ही रायफल कोणत्या प्रकारासाठी हवी?’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

तिसरी अडचण जागेची आहे आणि ती खास उपनगरांची आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नाव नोंदवायचे असते, आणि त्या परिघात नवा शस्त्रपरवाना त्यांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. याच कायद्याने हे कलम राष्ट्रीय उद्यानांनाही लागू केले आहे. आता नकाशा पाहावा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधोमध पसरले आहे. विहार तलावाच्या बाजूने सरळ रेषेत मोजले तर अंधेरी आणि घाटकोपरही दहा किलोमीटरच्या आत येतात. ज्या वस्तीत बिबट्या सोसायटीच्या आवारात फिरून जातो, तिथे ही तरतूद अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि गगनचुंबी इमारतीतल्या अर्जदाराला, आपण कायद्याच्या दृष्टीने जंगलाच्या कडेला राहतो, याची कल्पना असते का?

सरकारची बाजू हलकी लेखण्याचे कारण नाही. पिस्तुलाचे काडतूस रायफलीच्या लांब नळीतून गेले, की ते पिस्तुलाचे राहत नाही. पॉइंट ३५७ मॅग्नमची गोळी रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला सुमारे ३८० मीटर वेगाने निघत असेल, तर रायफलीतून तोच वेग ५०० मीटरच्या पुढे जातो. चुकून सुटलेली अशी गोळी दीड किलोमीटरहूनही दूर पडू शकते. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत इतक्या अंतरात माणूस नसलेली जागा शोधून सापडणार नाही. शिवाय कप्प्यात दहाच्या आसपास काडतुसे मावतात आणि सरावलेला हात तरफ फार झपाट्याने चालवतो. शस्त्र बाळगणे हा भारतात मूलभूत हक्क नाही, याचे स्मरण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेशी तुलना करून दिले. १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क आपल्या ठरावात घातला होता, तो १८७८ च्या ब्रिटिश शस्त्रकायद्याच्या अपमानाला दिलेला जबाब होता. राज्यघटनेत त्याला स्थान मिळाले नाही. ते योग्यच झाले.

प्रश्न आहे तो ज्यांच्या घरी असे शस्त्र आधीच आहे त्यांचा. आजोबांनी शिकारीच्या दिवसांत घेतलेली रायफल वडिलांच्या परवान्यावर चढते, वडील जातात, आणि बोरिवलीच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत कपाटावर कापडात गुंडाळलेली ती वस्तू एका दिवसात बेकायदा ठरण्याच्या मार्गाला लागते. परवाना व्यक्तीचा असतो, घराण्याचा नव्हे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाने शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे आणि मग स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, असा नियम आहे. ठरल्या मुदतीत विल्हेवाट लागली नाही तर ते सरकारजमा होऊ शकते. परवानाधारकाचे वय सत्तर झाले किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे असले, तर हयातीतच वारसाच्या नावे करण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. ती वेळीच वापरणारी कुटुंबे थोडी. ‘शंभर वर्षांची जुनी वस्तू, तिला कसला परवाना’ हा समज तर फारच धोक्याचा. कायद्याची सूट आहे ती दुरुस्ती करूनही चालू न शकणाऱ्या पुराणवस्तूला. १८९२ ची विंचेस्टर तेल दिल्यावर चालत असेल, तर कायद्यापुढे ती कालच्या बंदुकीइतकीच ताजी.

त्यात १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. तिसरे वर्षभरात जमा करण्यास सांगितले. वारसाहक्काने येणाऱ्या शस्त्रांनाही हीच मर्यादा आहे. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, हा दिलासा. पण दोन शस्त्रांतून निवड करायची वेळ आली, तेव्हा व्यावसायिक वारस काय ठेवेल आणि काय जमा करेल, हे सांगायला नको. रिव्हॉल्व्हर घरात राहते, लांब नळीची रायफल विक्रेत्याच्या गोदामात जाते. कायदेमंडळाला बहुधा नेमका याच्या उलट परिणाम हवा असावा.

आज उपनगरांत परवाना मागणाऱ्याने पोलीस आयुक्तालयाकडे अर्ज करायचा, स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल यायचा, सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घ्यायचे आणि घरी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यायची, अशी पद्धत आहे. नकार दिल्यास कारणे लेखी नोंदवावीत आणि अर्जदाराने मागितल्यास ती सहसा द्यावीत, असे कायदा सांगतो. त्यावर अपीलही आहे. या यंत्रणेत आणखी एक प्रश्न विचारण्याची गरज आहे, आणि तो ‘शस्त्र कशासाठी हवे’ याच्या जोडीने ‘कोणते हवे’ हा. वारसाकडे आलेली जुनी रायफल चालू स्थितीत तिजोरीबंद ठेवायची, क्लबाच्या शस्त्रागारात सोपवायची की कायमची निकामी करून भिंतीवर लावायची, हे पर्याय परवाना शाखेने अर्जाच्या पहिल्याच भेटीत समोर ठेवले, तर किती तरी रायफली कपाटावरून खाली उतरतील. तूर्त मुलुंडच्या वारसाला वडिलांची रायफल रीतसर एकदा तरी चालवून पाहायची असेल, तर आधी ती पोलीस ठाण्यात जमा करायची, परवान्याची वाट पाहायची, वन्यजीव रक्षकांची संमती येऊ द्यायची, काडतुसे कुठे मिळतात ते शोधायचे आणि मग एखाद्या मैदानाच्या व्यवस्थापनाला विचारायचे, की पॉइंट २२ च्या रांगेत या आवाजाला जागा आहे का.