माणसं बुडाल्यावर परवाना शोधू नका

पिंपळवंडीच्या कुठल्याही पिकअपवाल्याला विचारा, पुणे-नाशिक महामार्गावर त्याला काय काय दाखवावं लागतं. लायसन, आरसी, विमा, पीयूसी, फिटनेस. टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावच्या बाजारात जाणाऱ्या गाडीला एवढं सगळं लागतं, आणि लागलंच पाहिजे. पण महामार्ग सोडून धरणाच्या काठाला गेलं की ही चौकशी तिथेच संपते. दहा-बारा माणसं, त्यांत कडेवरची पोरं, एका फायबरच्या होडीत बसतात आणि खोल पाण्यावर जातात. होडीचा नंबर काय, ती कोणी तपासली, चालवणारा कोण, विमा आहे का? विचारायला काठावर कोणीही नसतं. मला याचा संताप येतो आणि तो मी लपवणार नाही.

कायदाच नाही, असं कोणी सांगत असेल तर ते धादांत खोटं आहे. तरी आणि होड्यांसाठीचा मुंबई इलाख्याचा कायदा 1868 सालचा आहे. इंजिनाच्या नौकांसाठी 1917 चा होता. तो मोडीत काढून संसदेने 2021 साली नवा अंतर्देशीय नौका कायदा केला आणि 7 जून 2022 पासून तो लागू झाला. इंजिन लावलेली होडी सर्वेक्षणाच्या दाखल्याशिवाय आणि नोंदणीशिवाय पाण्यात उतरवता येत नाही. चालवणाऱ्याकडे सक्षमतेचं प्रमाणपत्र हवं, होडीचा विमा हवा, जीवरक्षक साधनं आणि आग विझवायची सोय हवी. वल्ह्यांच्या होड्याही यातून सुटलेल्या नाहीत. त्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत करण्याची वाट याच कायद्याने राज्य सरकारला करून दिली आहे. शिवाय धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं, म्हणजे त्यांची परवानगी वेगळी.

एवढे कागद असताना ते आपल्याला दिसतात कधी? प्रेतं बाहेर काढल्यावर. 14 सप्टेंबर 2021 ला अमरावती जिल्ह्यात झुंज इथे वर्धा नदीत होडी उलटून एकाच गोतावळ्यातले 11 जण गेले. 7 मे 2023 ला केरळात तानूरला 22 जीव गेले. ती मुळात मासेमारीची बोट, तिच्यावर मजला चढवून पर्यटक बसवले होते. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली 12 मुलं आणि 2 शिक्षिका बुडाल्या. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हती. त्याच वर्षी 21 मे रोजी आपल्याच पुणे जिल्ह्याच्या हद्दीला, उजनीत, कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यांत दोन चिमुरडी. अशा प्रत्येक वेळी तोच क्रम: पंचनामा, गुन्हा, मदतीची घोषणा आणि होडीच्या कागदांचा शोध. हा शोध आधी घ्यायचा असतो. बुडाल्यावर सापडलेल्या त्रुटीने खटला उभा राहतो, माणूस परत येत नाही.

आमच्याकडचं पाणी साधं नाही, हे बाहेरून येणाऱ्याला कळत नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. येडगावात वरच्या धरणांचं पाणी येतं आणि डाव्या कालव्याने पार करमाळ्यापर्यंत जातं. आवर्तन सुटलं की पातळी उतरते. काल ज्यावरून होडी बिनधास्त गेली तो जुना बांध, ते झाडाचं खोड, आज इंजिनाच्या पात्याला लागतं. काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी, पाइप आणि केबली असतात, त्याही पाण्याबरोबर पुढे सरकवल्या जातात. आणि उन्हाळ्याच्या शेवटी दुपारनंतर वळवाचा वारा कसा येतो, हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. अशा पाण्यावर होडी कुठून न्यायची आणि कधी काठाला लावायची, हे कळणारा माणूसच होडीवर हवा. सर्वेक्षण आणि प्रमाणपत्र मागतात ते यासाठी.

एका जलाशयावर मी होडीवाल्याला नोंदणी विचारली. तो म्हणाला, ‘‘दादा, आजवर कधी काही झालंय का?’’ लाइफ जॅकेट होती, होडीच्या पुढच्या टोकाला कोंबलेली, बंद तुटलेली. मागितलं तरच द्यायची. हे ऐकून गप्प बसणाऱ्या आपल्यासारख्या गिऱ्हाइकांनीही लाज बाळगावी. शंभर रुपयांसाठी घासाघीस करणारा बाप लेकराच्या अंगावर जॅकेट आहे का, हे पाहत नाही.

पोटावर पाय आणू नका, असं लगेच ऐकू येतं. हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. ज्याचं पोट माणसांना पाण्यावर नेण्यावर चालतं, त्याच्यावर पहिली जबाबदारी त्या माणसांची. एक अपघात झाला तर त्या काठावरच्या सगळ्याच होड्या बंद पडतील, मग कोणाचं पोट भरणार? पॅडल बोट किंवा कयाक नुसती भाड्याने देणारे तर हातच झटकतात: गिऱ्हाईक स्वतः वल्हवतं, आमचा काय संबंध? संबंध आहे. पोहता न येणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात वल्हं देऊन पैसे घेतले, की तो परत काठाला लागेपर्यंत तुम्हीच त्याचे राखणदार. सोडवायला दुसरी होडी आणि पट्टीचा पोहणारा काठावर नसेल, तर तो धंदा करू नका.

पण माझा मोठा राग सरकारवर आहे. 2018 साली जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं. फलक लागले, भाषणं झाली. ओझरच्या विघ्नहराला आलेला भाविक देवळामागचं पाणी पाहून होडीची चौकशी करणार, हे कळायला अभ्यासगट लागत नाही. मग इथल्या तरुणाने होडी रीतसर नोंदवायची कुठे? सर्वेक्षण आणि नोंदणीचं काम महाराष्ट्र सागरी मंडळाचं. त्याचं मुख्यालय मुंबईत, प्रादेशिक बंदर कार्यालयं किनाऱ्यावर. सह्याद्रीच्या अलीकडे होडी चालवणाऱ्याने घाट उतरून समुद्राकाठी खेटे घालायचे, शिवाय जलसंपदाकडे वेगळा अर्ज, पंचायतीकडे वेगळा. जो प्रामाणिक आहे तो दमतो, आणि ज्याने काहीच केलं नाही त्याची होडी पहिल्या दिवसापासून पाण्यात.

डिंभ्याच्या जलाशयाखाली तर जुनं आंबेगाव गाव गेलं. तिथल्या काही आदिवासी वस्त्यांना होडी ही गंमत नाही, तो रस्ता आहे. त्यांची होडी बंद करून सुरक्षितता येत नाही. ती तपासून, जॅकेट पुरवून, चालवणाऱ्याला शिकवून येते, आणि तो खर्च ज्यांनी रस्ता बुडवला त्यांनी करायचा.

सागरी मंडळाच्या सर्वेक्षकाने वर्षातून दोनदा जुन्नर आणि घोडेगावला येऊन शिबिर घ्यावं, जलसंपदाचा अधिकारी शेजारच्या टेबलावर बसावा, अर्ज तिथेच निकाली निघावा. त्यानंतर पाचही जलाशयांवरच्या होड्यांची यादी, नंबर आणि किती माणसं बसवायची त्या आकड्यासह, काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. तोच आकडा होडीच्या अंगावर ठळक रंगवा. यादीत नसलेली होडी दिसली तर पोलीस पाटलाने त्याच दिवशी कळवावं आणि जलसंपदाने ती पाण्याबाहेर ओढावी, मग ती सरपंचाच्या भावाची असो की आमदाराच्या कार्यकर्त्याची.