घराला कुलूप लावताना मांजराची सोय केली का?

उन्हाळ्यात लग्नांच्या तिथी आणि मुलांच्या सुट्या. पाठोपाठ आषाढी वारीचे वेध. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरकडे निघते. दिवाळीत पुण्या-मुंबईकडे असलेली मुले आईवडिलांना बोलावून घेतात. दर वेळी घराला कुलूप लागते. गाय-म्हैस असेल तर तिची सोय लावल्याशिवाय कोणी निघत नाही. कुत्र्याला भाकर टाकायला शेजाऱ्याला सांगितले जाते. मांजराबाबत मात्र एकच ठरलेले वाक्य ऐकू येते, ‘त्याचे काय, ते कुठेही पोट भरेल.’

हे वाक्य आपल्या सोयीचे आहे. मांजराच्या दृष्टीने ते धोक्याचे आहे.

पोट भरते, पण कशाने?

घरात खाणारे मांजर बाहेर पडले की उंदरांवर जाते. धान्याच्या कोठीत, गोदामात उंदरांसाठी विष ठेवलेले असते. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला, तर त्यालाही विषबाधा होऊ शकते. काहीच मिळाले नाही तर उपास घडतो आणि मांजराला उपास सोसत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही तर, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते.

सोबत न्यावे की घरीच ठेवावे?

कुत्रा माणसाला धरून असतो, मांजर घराला धरून असते, असे जुनी माणसे सांगतात. ते खरे आहे. आठ-दहा दिवस जायचे असेल तर मांजराला त्याच्या घरातच ठेवावे, पण रोज दोनदा कोणीतरी यायला हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मोठ्या शहरांत पाळीव प्राणी ठेवून घेण्याच्या सोयी झाल्या आहेत. तरीही ओळखीची किल्लीवाली शेजारीण मांजराला जास्त मानवते.

तिला चार गोष्टी लिहून द्याव्यात: खाणे किती, पाणी कुठे, मातीचे टोपले कधी साफ करायचे आणि डॉक्टरांचा फोन कोणता. जाण्याआधी दोन-तीन दिवस तिच्याच हातून खायला घालावे. बोका सारखा टोपल्यात बसतो आहे, पण लघवी होत नाही, असे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हेही सांगून ठेवावे. लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

घाटाखालचे ऊन वेगळे

बुलढाणा, चिखलीकडे संध्याकाळी जरा गारवा तरी मिळतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावकडे मे महिन्यात टिनाच्या खोलीची भट्टी होते. अशा खोलीत मांजर कोंडून जाऊ नये. सावलीची, वारा खेळणारी खोली द्यावी. पाण्याची दोन-तीन जड भांडी वेगवेगळ्या जागी ठेवावीत. एक सांडले तरी दुसरे असते. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर ते संकटात आहे, असे समजावे. सावलीत आणून अंग ओल्या फडक्याने पुसावे, पंखा लावावा आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

नेणेच भाग असेल तर

बदली झाली, घर बदलले, तर नेणे आलेच. पोत्यात किंवा पिशवीत कोंबू नये. हवा जाईल अशी, पक्क्या झाकणाची बास्केट घ्यावी. ती आठवडाभर आधी घरात उघडी ठेवून तिच्यात मांजराचे अंथरूण टाकावे. निघण्यापूर्वी तीन-चार तास खाऊ घालू नये. एसटीने किंवा रेल्वेने जायचे तर प्राणी नेण्याचा नियम आधी विचारून घ्यावा. वाटेत बास्केट उघडू नये आणि बंद गाडीत मांजराला पाच मिनिटेही सोडू नये. नव्या घरी आधी काही दिवस एकाच खोलीत आणि दोन-तीन आठवडे घरातच ठेवावे. नाहीतर ते जुन्या घराच्या वाटेला लागते.

घरी असतानाही

नुसत्या दूध-पोळीवर मांजर नीट जगत नाही. त्याला लागणारे टॉरिन मांस-मासळीतून मिळते. ते कमी पडले तर डोळे आणि हृदय बिघडते. बिनमिठाचे उकडलेले चिकन किंवा मासा, काटे-हाडे काढून द्यावा. शाकाहारी घरात मांजरांचे तयार खाद्य आणावे. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दुधाने हगवण लागते. कांदा-लसूण घातलेले कालवण देऊ नये. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नये. एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

रेबीजची लस चुकवू नये. मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावे.

पोते बांधण्याआधी

पिल्ले झाली की पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडायची, ही आपल्याकडची जुनी रीत. पाळलेला प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा ठिकाणी सोडून देणे हा प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. मांजर सुमारे नऊ आठवडे गाभण असते आणि वर्षात दोन-तीनदाही विते. म्हणून पाच-सहा महिन्यांची झाल्यावर नसबंदीबद्दल पशुवैद्यकांना विचारावे. एकदाच्या शस्त्रक्रियेने दरवर्षीचे पोते टळते.

या वर्षी बॅगा भरायला घ्याल, तेव्हा आधी शेजारी जाऊन या. त्यांच्याकडेही मांजर असेल, तर त्यांच्या गावाला जाण्याच्या वेळी तुम्ही त्याचे बघा. गाईसाठी आपण हे नेहमीच करत आलो आहोत.