छत्तीस फोटो आणि तान्हा पोळा

आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण जपानी कार्टूनचे शौकीन आहेत. डोरेमॉन आणि शिनचॅन घरोघरी पोचले, मागून नारुतो आला. अशा पात्रांचा पोशाख करून मिरवण्याला ‘कॉसप्ले’ म्हणतात. टोकियोत १९७५ पासून भरणाऱ्या ‘कॉमिकेट’ या मेळ्यात अशी वेषधारी मंडळी मोठ्या संख्येने येतात. आपल्या देशात दिल्लीला २०११ साली पहिला कॉमिक कॉन भरला. तेथेही तरुण मुले-मुली वेष करून येतात.

या मेळ्यांतील एक रीत आम्हांस घेण्याजोगी वाटते. कॉमिकेटमध्ये वेषधारींसाठी वेगळी जागा ठरलेली असते आणि विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढता येत नाही. काही हौशी लोक अशा मेळ्यांत अजूनही रोलचा कॅमेरा नेतात. रोलमध्ये फोटो ३६. म्हणून आधी उजेड पाहावा लागतो, समोरच्याला नीट उभे करावे लागते, दोन शब्द बोलावे लागतात. फोटो वाया जाऊ नये ही काळजी आपोआप त्या माणसाच्या मानाची काळजी होते.

२०१० साली स्टीव्ह मॅककरी या अमेरिकन छायाचित्रकाराने कोडॅक्रोमचा शेवटचा रोल वापरला. त्यातले काही फोटो त्यांनी राजस्थानातील राबारी लोकांचे काढले. मोजकेच फोटो हाती असले की कोणाकडे पाहायचे हे ठरवावेच लागते.

आता आपल्याकडे पाहू. वेष घेण्याची हौस आपल्याला जपानकडून शिकावी लागली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन कोणी शेतकरी, कोणी मावळा, कोणी कृष्ण, कोणी जिजाऊ होऊन दारोदार जातो आणि बोजारा घेतो. त्याच दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार असते. बहुतेक कॅमेरे तिकडे वळतात. दगड आणि रक्त टिपले जाते, लेकरांचा वेष राहून जातो.

आणि जे मोबाईल मुलांकडे वळतात, ते काय करतात? एका सजलेल्या मुलाचे पन्नास फोटो निघतात, न विचारता ग्रुपवर जातात, दोन दिवसांत विसरले जातात. ज्याची मिशी पुसली, ज्याचे धोतर सुटले, त्याचा फोटो हसण्यासाठी फिरतो. आईचे जुने लुगडे गुंडाळून आलेल्या मुलीकडे कोणी वळूनही पाहत नाही. वेष करताना दोघांनीही जीव सारखाच ओतलेला असतो.

आमचे मत सरळ आहे. वेष केलेले मूल म्हणजे तमाशा नाही. त्याला विचारावे, “बेटा, फोटो काढू का?” ते नाही म्हणाले तर कॅमेरा खाली ठेवावा. पालकांच्या अनुमतीशिवाय फोटो पुढे पाठवू नये.

पालकवर्गास एक निवेदन. कोणाच्या कपाटात जुना रोलचा कॅमेरा चालू स्थितीत असेल तर शाळेस कळवावे. रोल आजही मिळतो. महाग आहे आणि धुवायला बाहेर पाठवावा लागेल. येत्या तान्ह्या पोळ्याला एका मुलाचा एकच फोटो, विचारून, असे छत्तीस फोटो काढू. मुले जास्त झाली तर दुसरा रोल घालू, पण कोणी सुटणार नाही. कागदावर उतरलेला तो फोटो ज्याचा त्याच्या हाती देऊ. या वर्षी शाळेकडून तोच बोजारा.